चार दाढा, एक एक्स-रे आणि फसवणुकीची शंका

पत्र असं आहे:

«डॉक्टर, नमस्कार. मी मुलुंडला राहते, वय ३६, नोकरी फोर्टात. आजवर माझा दात कधी दुखलेला नाही. दोन्ही वेळा ब्रश करते, दात दिसायलाही स्वच्छ आहेत. महिन्यापूर्वी उजवीकडच्या वरच्या दाढांमध्ये मेथीची भाजी, मटणाचा धागा, काही ना काही अडकायला लागलं म्हणून घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. त्यांनी दोन्ही बाजूंचे एक्स-रे काढले आणि म्हणाले, दातांच्या मधे चार ठिकाणी कीड आहे, चारही भरावे लागतील. मला तर आरशात काहीच दिसत नाही. मिस्टर म्हणतात, हा सगळा धंदा आहे, दुखत नसताना कशाला दात कोरून घेतेस? गोड मी फारसं खात नाही. चहा तेवढा आहे: सकाळी घरी एक, मग ऑफिसात दिवसभरात चार-पाच कटिंग. संध्याकाळी ट्रेनच्या गर्दीत मळमळतं म्हणून लिमलेटची गोळी चघळते. फ्लोराइडने दात खराब होतात असं यवतमाळच्या नणंदेने सांगितल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, घरात फ्लोराइड नसलेली हर्बल पेस्ट आहे. मुलगा सात वर्षांचा. त्याच्या दोन दुधाच्या दाढांच्या मधेही काळपट दिसतंय. त्या पडणारच आहेत, तर काही करायला हवं का? आणि माझी कीड खरी आहे का?

ता. क. सासूबाई जेवण झालं की बांगडीची सेफ्टी पिन काढून दात कोरतात. सांगून ऐकत नाहीत. – एक मुलुंडकर»

ताई,

आधी मिस्टरांच्या शंकेचं बघू, कारण पत्रात खरा काटा तोच आहे. कीड बहुधा खरी आहे. चारही जागा भरायलाच हव्यात का, हे मात्र एक्स-रे न बघता मी सांगू शकत नाही. तुम्ही ते तुमच्या डॉक्टरांना विचारलेलं दिसत नाही. विचारायला हवं होतं. काय विचारायचं ते पुढे सांगते.

आरशात दिसत नाही, यात नवल काही नाही. दाढेला पाच बाजू असतात: चावायची एक, गालाकडची एक, जिभेकडची एक आणि शेजारच्या दातांना टेकलेल्या दोन. तुमचा ब्रश पहिल्या तीन बाजूंवर इमानेइतबारे फिरतो. उरलेल्या दोन बाजूंमध्ये तो शिरूच शकत नाही, मग तुम्ही दोन वेळा घासा नाहीतर चार वेळा. गिरगावातल्या जुन्या चाळी आठवा. पुढचा रस्ता रोज झाडला जातो, दारात रांगोळी असते, आणि दोन चाळींच्या मधल्या घरगल्लीत काय साचलंय ते पावसाळा येईपर्यंत कोणाला कळत नाही. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात त्याच्या जरा खाली, हिरडीच्या वरच्या अंगाला, तशीच एक घरगल्ली असते. दातांच्या मधली कीड नेमकी तिथे सुरू होते. वरून दाढ अखंड, पांढरी, ठणठणीत दिसते. फार पुढे गेल्यावर चावायच्या बाजूच्या कडेखाली राखाडी सावली दिसते, तीही दवाखान्याच्या दिव्यात, दात कोरडा करून बघितला तर.

«कीड» या शब्दाने आपलं थोडं नुकसान केलंय. रस्त्याच्या कडेला बसून नळीने दातातले किडे काढून दाखवणारे लोक माझ्या लहानपणी दादरलाही दिसायचे, आणि ते किडे त्यांच्या हातचलाखीतले असायचे. दात पोखरणारी अळी नसते, हे पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच लिहून ठेवलंय. खरं काय होतं ते १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी मांडलं: तोंडातले जिवाणू साखर आणि पिष्ट खातात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दाताचं खनिज विरघळवतं. तपशिलात पुढे बरीच भर पडली, पण मूळ गोष्ट तीच राहिली.

म्हणजे दोष त्या मेथीच्या काडीचा नाही. दोष आहे दातावर चिकटून बसणाऱ्या जिवाणूंच्या पातळ, बुळबुळीत थराचा. हा थर डोळ्याला दिसत नाही आणि चूळ भरून जात नाही. तुम्ही गोड काही तोंडात घेतलं की काही मिनिटांत त्या थरात आम्ल तयार होतं. तिथला पीएच (आम्ल मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ कामाला लागते, आम्ल निवळतं, आणि निघालेलं खनिज थोडंथोडं परत दातात बसतं. याला साधारण अर्धा तास लागतो, कधी जास्तही. दोन दाढांच्या मधे लाळ नीट पोचत नाही, त्यामुळे तिथे वेळ अजून लांबतो.

आता तुमचा दिवस बघू. सकाळचा चहा. ऑफिसातल्या चार किंवा पाच कटिंग. त्यांच्याबरोबर बिस्किट असतं की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मुंबईतलं ऑफिस मला माहीत आहे. संध्याकाळी लिमलेटची गोळी, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं तोंडात घोळणारा निव्वळ पाक. सात वेळा धरा आणि प्रत्येक वेळेचा अर्धा तास धरा, साडेतीन तास झाले. दिवसाचे साडेतीन तास तुमच्या दाढांच्या मधल्या भिंती आम्लात बसलेल्या असतात. गोड फारसं खात नाही, असं तुम्ही लिहिलंत आणि ते खोटं नाही. सणाला चार मोदक खाणाऱ्या बाईपेक्षा तुमच्या पोटात साखर कमीही जात असेल. पण दाताला साखर किती गेली यापेक्षा किती वेळा आली हे जास्त महत्त्वाचं असतं. चार मोदक एका जेवणात गेले तर दाताला एकदाच सोसावं लागतं. चार कटिंगचं चार वेळा.

चहा सोडा म्हणणार नाही. फोर्टातल्या ऑफिसात चहा सोडायला सांगणारा डॉक्टर दुसऱ्या ग्रहावरचा म्हणायचा. घरचा आणि दुपारच्या जेवणाबरोबरचा असे दोन चहा गोड राहू देत. मधले बिनसाखरेचे घ्या. टपरीवाला वेगळा करून देत नसेल तर दोन वेळा कमी घ्या. चहा झाला की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. आणि तासभर एकाच कपातून घोट घोट पीत बसू नका. ट्रेनमधल्या मळमळीला आल्याचा तुकडा नाहीतर बडीशेप चालेल, फक्त ती साखरेचं रंगीत कवच चढवलेली नको.

दुखत नाही याचं कारणही ऐका. इनॅमलमध्ये नस नसते. खनिजाचंच बनलेलं, शरीरातलं सगळ्यात कठीण असं ते आवरण. ते पोखरलं जात असताना तुम्हाला काहीच जाणवत नाही. आम्ल त्याच्या खालच्या मऊ थरात, डेंटीनमध्ये शिरलं की गार पाण्याने किंवा गोडाने कळ जाते, आणि तीही प्रत्येकाला नाही. रात्री झोपेतून उठवणारा ठणका येतो तेव्हा प्रकरण नसेपर्यंत गेलेलं असतं आणि गोष्ट रूट कॅनल, कॅप, त्याचे पैसे आणि ऑफिसच्या सुट्ट्या इथवर आलेली असते. ठणक्याची वाट बघणारे पेशंट मी तीस वर्षं बघतेय. «दुखत नव्हतं ना डॉक्टर!» हे वाक्य त्या खुर्चीत जितकं ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नाही.

म्हणून एक्स-रे काढला यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही. दोन दातांच्या मधली सुरुवातीची कीड बघायचा तोच भरवशाचा मार्ग आहे. छोटी पट्टी दातांनी धरून काढायचा हा बाइट-विंग एक्स-रे हॉवर्ड रेपर या अमेरिकन दंतवैद्याने १९२५ साली आणला, आणि शंभर वर्षं झाली तरी त्याची गरज संपलेली नाही. किरणांची भीती वाटत असेल तर सांगते, अशा एका फिल्मला साधारण तेवढेच किरण लागतात जेवढे माती, आकाश आणि अन्न यांतून आपल्याला एका दिवसात मिळत असतात. गरोदर असाल तर मात्र आधी सांगायचं.

आता तो मोलाचा प्रश्न. डॉक्टरांपुढे एक्स-रे धरा आणि चारही जागांवर एकेक बोट ठेवून विचारा: «ही कुठपर्यंत गेलीय?»

फिल्मवर इनॅमल पांढरं दिसतं आणि कीड दोन दाढांच्या मधे काळसर त्रिकोणासारखी, टोक आत वळलेलं. तो त्रिकोण इनॅमलमध्येच असेल, विशेषतः त्याच्या बाहेरच्या अर्ध्यात, तर तिथे ड्रिल लावायची गरज बहुतेक वेळा नसते. वरचा पापुद्रा अजून शाबूत असतो, खड्डा पडलेला नसतो, आणि अशी जागा थांबवता येते. फ्लोराइड (पेस्टमधलं, गेलेलं खनिज परत दातात बसायला मदत करणारं द्रव्य), फटीतून फिरवायचा दोरा म्हणजे फ्लॉस, आणि गोडाच्या वेळा, या तीन गोष्टी सांभाळल्या तर ती वर्षानुवर्षं आहे तिथेच राहू शकते. डॉक्टर त्यावर फ्लोराइडचं व्हार्निश, म्हणजे पातळ लेप, लावतील आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा एक्स-रे काढून पडताळतील. काळेपणा इनॅमल ओलांडून डेंटीनच्या आतपर्यंत गेला असेल, किंवा वरचा पापुद्रा फुटून खड्डा पडला असेल, तर मात्र तिथे दोरा आणि पेस्ट पोचत नाही. भरणं भाग आहे. डेंटीनच्या उंबरठ्यावर असलेली कीड ही खरी वादाची जागा. तिथे दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मतं देतील आणि दोघंही प्रामाणिक असतील. दात किती जुना, बाकीच्या तोंडाची अवस्था काय, पेशंट परत येईल का, हे सगळं बघून तो निर्णय होतो. शिवाय एक्स-रेवर कीड दिसायला खनिज बरंच गेलेलं असावं लागतं, त्यामुळे फिल्मवर दिसते त्यापेक्षा ती प्रत्यक्षात थोडी पुढे असते. हेही डॉक्टरांच्या डोक्यात असतं.

तुमच्या चारांपैकी उजव्या वरच्या जागेबद्दल मला फारशी शंका नाही. पूर्वी अडकत नव्हतं आणि आता रोज अडकतंय, म्हणजे तिथला आधार ढासळलेला असावा. ती भरून घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. बाकीच्या तिघींबद्दल डॉक्टरांना एकेक करून हा प्रश्न विचारा. «चारही भरायच्या» हे उत्तर बरोबर असू शकतं, पण त्याला चार वेगवेगळी कारणं असायला हवीत.

इथे माझी स्वतःची एक कबुली. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा सावली दिसली की कोरायचं, हाच धडा घेऊन आले होते. जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने घालून दिलेली शिस्त होती, पुढे कीड लागू नये म्हणून आजूबाजूचा चांगला भागही थोडा काढून टाकायचा. त्यांच्या काळी फ्लोराइडची पेस्ट नव्हती, तेव्हा ते शहाणपणच होतं. आम्ही मात्र काळ बदलल्यावरही तेच करत राहिलो. थांबता आलं असतं अशा काही दाढा माझ्या हातून कोरल्या गेल्या आहेत. एकदा कोरलेला दात पहिल्यासारखा होत नाही, आणि भरलेलं सिमेंट आयुष्यात कधीतरी बदलावंच लागतं, दर वेळी आधीपेक्षा थोडं मोठं.

दुसरं मत हवंच असेल तर तुमच्या ऑफिसपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात, सरकारी दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. वेळ हातात ठेवून सकाळी लवकर जा, रांग असते. शिकाऊ डॉक्टर तपासतात म्हणून नाक मुरडू नका, त्यांच्या मागे शिकवणारे उभे असतात आणि तिथे कोणाला तुमच्या दाढेतून दवाखान्याचं भाडं काढायचं नसतं. आधीचे एक्स-रे मागून घ्या, निदान मोबाइलवर त्यांचा स्वच्छ फोटो घ्या. पैसे तुम्ही भरलेत, मागायला संकोच कसला.

दाढ भरून झाली की खुर्चीतून उठायच्या आधी डॉक्टरांना त्या फटीतून दोरा फिरवून दाखवायला सांगा. दोरा किंचित अडून «टक्» करून आत गेला पाहिजे. सरळ सुळकन गेला तर फट सैल राहिली, मेथी पुन्हा अडकणार. आत जाऊन त्याचे तंतू सुटले तर कडेला सिमेंट खरखरीत राहिलंय. दोन्ही गोष्टी तिथेच, त्याच दिवशी दुरुस्त होतात. हीच परीक्षा घरीही लागू आहे: एखाद्या फटीत दोरा रोजच फाटत असेल तर तिथे काहीतरी आहे.

दोऱ्याचं आता नीट सांगते, कारण «फ्लॉस करा» असं सांगून आम्ही मोकळे होतो आणि करायचं कसं ते कोणी दाखवत नाही. केमिस्टकडे छोट्या डबीत मिळतो, मेण लावलेला घ्या, दाटीवाटीच्या दातांत सोपा जातो. शिवणाचा दोरा नको, तो हिरडी कापतो. एक हात दोरा तोडा, आजी वाती वळायला मोजायची तसा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. एवढा लांब वाटतो, पण प्रत्येक फटीला ताजा तुकडा हवा असतो. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मधे दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा, अंगठा आणि तर्जनीने ताणून धरा. फटीत दाबून घुसवायचा नाही. करवतीसारखा हलकेच पुढे-मागे करत उतरवायचा. आणि इथे बहुतेक जण चुकतात: आत गेला की लगेच बाहेर काढतात. आत गेल्यावर तो एका दाढेच्या अंगाला चंद्रकोरीसारखा वळवून घट्ट टेकवा, हिरडीच्या कडेच्या किंचित खालपर्यंत न्या, आणि वर-खाली तीन-चार वेळा पुसा. मग त्याच फटीत शेजारच्या दाढेला टेकवून तेच करा. एका फटीत दोन भिंती आहेत, दोन्ही पुसायच्या. शेवटच्या दाढेची मागची भिंतही विसरू नका.

पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून थांबू नका. हिरडी सुजलेली आहे म्हणून येतं, आणि रोज साफ झाली की आठवड्या-दोन आठवड्यांत बंद होतं. त्यानंतरही येत राहिलं तर दाखवा. दिवसातून एकदा पुरे, रात्री. झोपेत लाळ जवळजवळ आटते, त्यामुळे रात्रभर दातांना कोणी वाली नसतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोरा हा काही मंत्र नाही. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता. शाळा असलेल्या प्रत्येक दिवशी प्रशिक्षित माणसाने मुलांचे दात दोऱ्याने साफ केले तिथे मधली कीड सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली, पण मुलांनी स्वतः केलं तिथे म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मी याचा अर्थ एवढाच घेते की घाईघाईने, निव्वळ अडकलेलं काढायला फिरवलेला दोरा कामाचा नाही. आणि दोरा काहीही करो, त्या फटीत फ्लोराइड पोचलं नाही तर लढाई अर्धीच राहते.

म्हणजे आपण नणंदेपाशी आलो.

त्यांच्यावर रागावू नका, त्या बघितलेलं सांगताहेत. यवतमाळ, चंद्रपूर या भागांत काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक आहे. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणापासून रोज पोटात गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडंही धरतात. पण तुम्ही मुलुंडला तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी पिता. ते पावसाचं, तलावाचं पाणी. त्यात फ्लोराइड नावालाच असतं. आणि पेस्ट आपण पीत नाही, थुंकतो. गावाकडचा सल्ला तिथल्या विहिरीपुरता खरा होता, तुम्ही तो मुंबईच्या नळाला लावलात. तीन वर्षं बिनफ्लोराइडची पेस्ट, दिवसाला सहा गोड चहा आणि फटी कधीच साफ नाहीत: चार जागांचा हिशेब मला इथेच लागतोय.

पेस्ट आजच बदला. हर्बल असली तरी चालेल, पण ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते छापलेलं असतं, ते वाचा. मोठ्यांना हजाराच्या आसपास हवं. आणि रात्री ब्रश झाल्यावर नुसतं थुंका, चूळ भरू नका. मला माहीत आहे, हे सांगणं म्हणजे आपल्या माणसाला जेवून हात धुऊ नको म्हणण्यासारखं आहे. घशापर्यंत पाणी नेऊन खळखळ केल्याशिवाय तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही आपल्याला. पण त्या चुळीबरोबर सगळं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. चूळ चहानंतर, ब्रशनंतर नाही. पंधरा दिवसांत सवय होते.

आता मुलगा. पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट खरं तर तीच आहे, आणि तुम्ही ती शेवटी लिहिलीत. दुधाच्या दाढा पडणारच, पण कधी? पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात, दाढा नऊ ते बाराला. म्हणजे अजून दोन ते पाच वर्षं त्याला त्याच दाढांनी जेवायचंय. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ असतं, नस जवळ असते. तुमच्या दाढेत जे व्हायला वर्षं लागतात ते त्याच्या दाढेत काही महिन्यांत होऊ शकतं. दुधाच्या दोन दाढा एकमेकींना चांगल्या रुंद टेकलेल्या असतात, म्हणून मुलांची मधली कीड नेमकी तिथेच. आणि एक गोष्ट अनेक आईवडिलांना माहीत नसते: सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कुठलाही दात न पाडता, एक नवी दाढ गुपचूप उगवते. ती दुधाची नाही, ती आयुष्यभराची. पुढची दुधाची दाढ किडलेली असेल तर तिला टेकलेल्या या नव्या दाढेची भिंत तीच घाण अंगावर घेत मोठी होते. शिवाय किडून दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर मागची पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते.

या आठवड्यात त्याला घेऊन जा. भरायचं, कॅप घालायची की औषध लावून थांबवायचं, ते डॉक्टर बघून ठरवतील. थांबवायच्या औषधांत चांदीचं एक औषध आहे, ते कीड थोपवतं पण ती जागा कायमची काळी करतं. मागच्या दाढेत चालतं, फक्त आधी माहीत असावं. घरी रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या. सात वर्षांच्या मुलाच्या हाताला अजून ते वळण नसतं. आठ वर्षांचा होईपर्यंत तरी तुमचा हात हवा. पेस्ट वाटाण्याएवढी. दुधाच्या दाढांच्या मधे दांडीवाला फ्लॉस मिळतो तो वापरा, एका हाताने जमतो.

डब्याचं फार टेन्शन घेऊ नका, पण एवढं बघा की जे दाढेला चिकटून बसतं ते मधल्या सुट्टीत नको: वेफर्स, क्रीमची बिस्किटं, जाम-ब्रेड. बिस्किट गोड लागलं नाही तरी त्याचा लगदा दाढांच्या मधे तासभर राहतो. आमरस मात्र पोळीबरोबर मनसोक्त ओरपू दे, गणपतीत मोदकही. जेवणात आलेलं गोड जेवणाबरोबर निघून जातं. शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाला तोंडात काहीतरी, हे बंद करा.

राहिल्या सासूबाई. पिनने दात साफ होत नाहीत, हिरडी सोलली जाते आणि गंजाचं टोक लागतं ते वेगळंच. पण त्यांचं दुखणं खोटं नाही. वयाने हिरड्या खाली सरकतात, फटी रुंद होतात, घास खरोखरच अडकतो. उघड्या पडलेल्या मुळांवर इनॅमल नसतं, त्यामुळे कीड तिथे लवकर धरते, आणि रक्तदाबाची वगैरे काही औषधं तोंड कोरडं पाडत असतील तर आणखी लवकर. त्यांना दोरा शिकवायच्या भानगडीत पडू नका, त्या शिकणार नाहीत. केमिस्टकडे बाटली धुवायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती वाटावी असा फटींचा ब्रश मिळतो, वेगवेगळ्या जाडीत. फटीत जरा घट्ट बसेल पण जोर लावावा लागणार नाही, असा घ्या. एकदा त्यांच्यासमोर फिरवून काय निघतं ते दाखवा, बाकी बोलू नका. आणि तो त्यांच्या अडकित्त्याच्या डब्यात नाहीतर जेवणाच्या टेबलावर, हाताला लागेल असा ठेवा. पिन बांगडीत राहू दे, साडीला लागते.